वणवा आणि पाठीवरचा ब्लोअर: येऊर ते खारघर

फेब्रुवारी लागला की येऊर, मामा-भाच्याचा डोंगर, मुंब्रा, पारसिक, गवळीदेव, खारघर या ठाणे-नवी मुंबईकडच्या साऱ्या उतारांवरचं गवत वाळून पिवळं पडतं आणि रात्री गच्चीतून पाहिलं तर कुठल्या ना कुठल्या डोंगरावर लाल माळ सरकताना दिसते. डोंगरावर झाडं लावणारे गट, पायथ्याच्या सोसायट्या, पाड्यांवरची मुलं, सगळेच हल्ली वणव्यासाठी ब्लोअर, म्हणजे जोरात हवा फेकून पाला उडवणारं यंत्र, घ्यायचं म्हणतात. ताडोबा-मेळघाटात वनविभाग तो वापरतो, त्याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात आणि बघणाऱ्याला वाटतं, फुंकर मारली की आग गेली. घेण्याआधी थोडं थांबून विचार व्हावा म्हणून हे परीक्षण. ते कुठल्या एका कंपनीच्या मॉडेलचं नाही. पाठीवर घ्यायच्या ६५ सीसीच्या आसपासच्या पेट्रोल ब्लोअरचं आहे, आणि आपल्या या गवताच्या, कारवीच्या, सागाच्या पाचोळ्याच्या डोंगरांपुरतं आहे.

निकाल आधीच सांगतो. पाचोळा आणि गुडघ्याएवढं गवत यांच्यासाठी याच्याइतकं कामाचं दुसरं यंत्र नाही. पण हे एकट्याने वापरायचं यंत्र नव्हे. तीन माणसं, तिघांना धड बूट आणि हातात दोन बीटर (बांबूला रबराचा तुकडा लावलेली, आग दाबायची थापी) एवढी जमवाजमव झाली नसेल, तर ब्लोअरचे पैसे आधी तिकडे घाला.

दुकानात गेलात की विक्रेता हवेचा वेग सांगतो. तो आकडा नळीचं तोंड बारीक केलं की वाढतो, त्याच्यावर जाऊ नका. विचारायची ती फुंकण्याची ताकद, न्यूटनमध्ये. हातात धरायचे २५-२७ सीसीचे ब्लोअर साधारण १२ ते १५ न्यूटन देतात, पाठीवरचे ६५ सीसीचे ३० च्या आसपास, ७५-८० सीसीचे ४० च्या घरात. हातातला ब्लोअर अंगणातल्या पानांना पुरतो. वणव्यापाशी मात्र तो ज्वाळ ढकलू शकत नाही, फक्त तिला हवा पुरवतो. बॅटरीवरचे हलके ब्लोअर तर या कामाला घेऊच नका. ८० सीसीचा अर्थातच जास्त जोरकस, पण वजनाने आणि पेट्रोलने भारी पडतो. येऊरची किंवा खारघरची चढण चढून वर गेल्यावर खरं काम सुरू होतं, आणि रिकामं असतानाच दहा किलोच्या आसपास भरणारं यंत्र पाठीवर असतं. त्यात टाकीतलं पेट्रोल, बरोबरचा कॅन, माणशी तीन-चार लिटर पाणी. म्हणून इथल्या डोंगरांना ६५ सीसीच योग्य, असं आमचं ठाम मत.

आता मुख्य शंका. चुलीपाशी बसलेल्या कुणालाही माहीत असतं की फुंकलं की जाळ वाढतो. मग ब्लोअरने आग विझते कशी? दोन गोष्टी एकदम होतात. वाळलेल्या काडीतून निघणारी जळती वाफ हवेच्या जोरदार झोतामुळे काडीपासून तुटते आणि गार होते. आणि सुटा पाचोळा, गवताचे तुकडे उडून गेल्यामुळे पुढे जळायला काही उरत नाही. दोन्ही गोष्टी फक्त बारीक जळणाला लागू पडतात, म्हणजे गवत, पानं, करंगळीपेक्षा बारीक काड्या. ओंडका, शेणाची गोवरी, कुजलेलं खोड यांच्यात निखारा आत असतो. तिथे ब्लोअर म्हणजे लोहाराचा भाता. तीच गत अर्ध्या ॲक्सिलरेटरची. यंत्र पूर्ण जोरात आल्याशिवाय नळी ज्वाळेकडे वळवायचीच नाही. नवखी माणसं ज्वाळेकडे नळी धरून मग हळूहळू ट्रिगर दाबतात, आणि पहिल्या दोन सेकंदांत आग गुडघ्याची कमरेपर्यंत येते.

नळी धरायची पद्धत नीट समजून घ्या, कारण चांगलं यंत्र आणि वाईट परिणाम यांच्यातला फरक इथेच पडतो. गोल तोंडाची नळी ज्वाळेसाठी, चपटी पाचोळा सारण्यासाठी. तोंड जमिनीला जवळजवळ समांतर, ज्वाळेच्या बुडाशी, दीड ते दोन मीटरवरून. त्याहून जवळ गेलात तर प्लॅस्टिकची नळी मऊ पडून वाकते. झोताची दिशा नेहमी काळ्या बाजूला, म्हणजे जिथलं जळून गेलंय तिकडे. पिवळ्या बाजूला, म्हणजे न जळलेल्या गवताकडे झोत गेला, तर तुम्ही स्वतः ठिणग्या पेरत चालला आहात. सुरुवात पक्क्या जागेपासून करायची: पायवाट, कोरडा ओढा, उघडा कातळ किंवा पूर्ण जळून थंड झालेला पट्टा. तिथून वणव्याच्या मागच्या टोकाकडून एका कडेने पुढे सरकायचं. एक पाय काळ्यात ठेवून चाललं तर पळायची जागा कायम शेजारीच असते. वणव्याच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही, आणि आग खालून वर येत असेल तर तिच्या वरच्या अंगाला तर अजिबातच नाही. चढ दर दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा वणव्याच्या कामातला जुना हिशेब आहे. तीस अंशांच्या उतारावर सपाटीच्या आठपट वेगाने येणाऱ्या आगीपुढे कुणीही धावू शकत नाही.

एक ब्लोअर असेल तर त्याच्या मागे तीन-चार मीटरवर एक माणूस बीटर घेऊन आणि त्याच्या मागे एक जण दाताळं किंवा पाण्याचा पंप घेऊन. पहिला ज्वाळ पाडतो, दुसरा उरलेल्या जिभा दाबतो, तिसरा कड साफ करतो. ब्लोअरवाल्याला स्वतःच्या यंत्राच्या आवाजापुढे काही ऐकू येत नाही. कानाशी आवाज १०० डेसिबलच्या घरात जातो, त्यामुळे कानात बोळे किंवा वरून मफ हवेतच. मग हाकाही ऐकू येत नाहीत. म्हणून खुणा आधी ठरवा: खांद्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे यंत्र बंद कर, पट्टा ओढला तर निघ. नुसत्या शिट्टीवर भरवसा ठेवू नका.

इथल्या वाऱ्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण बाहेरच्या सूचनापुस्तकांत तो सापडत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी वारा बहुधा पूर्वेकडून, जमिनीकडून येतो. कोरडा आणि गरम. दुपारी कधीतरी खाडीकडून-समुद्राकडून पश्चिमेचा वारा चालू होतो. ज्या दिवशी तो उशिरा येतो, तो दिवस आपल्याकडे सगळ्यात तापतो. आता येऊरचे ठाण्याकडचे उतार बघा: पूर्वेला तोंड, सकाळचं ऊन पहिल्यांदा त्यांच्यावर, आणि पूर्वेचा वारा आगीला थेट वर ढकलणारा. पारसिकचे नवी मुंबईकडचे उतार बरोबर उलटे: पश्चिमेला तोंड, दुपारचं ऊन आणि दुपारचा वारा दोन्ही चढाच्याच दिशेने. म्हणजे येऊरला सकाळ वाईट, पारसिकला दुपार. आणि दोन्हीकडे सगळ्यात धोक्याचा काळ म्हणजे वारा फिरतो तो अर्धा-पाऊण तास. सकाळपासून जी बाजू शांत कड होती, जिच्यावरून तुम्ही ब्लोअर घेऊन चाललात, तीच वारा फिरल्यावर वणव्याचं तोंड होते, आणि ती कड लांबलचक असते. त्यामुळे अकरानंतर एका माणसाचं काम एवढंच ठेवा: उंच, उघड्या जागी उभं राहून धूर कुठे झुकतोय ते बघणं. धूर सरळ उभा राहिला किंवा डुलायला लागला की ब्लोअर बंद, सगळे काळ्यात.

ज्वाळ किती उंच असेल तर हात घालायचा, याचा ढोबळ नियम जगभर एकच आहे: हातातल्या अवजारांनी सव्वा मीटरपर्यंत. ब्लोअरसाठी आम्ही तो एक मीटरवर आणून ठेवू. कमरेच्या वर ज्वाळ गेली की मागे सरा आणि पुढे कुठेतरी पाचोळा सारून पट्टा उघडा करा. कारवीचं रान हे याचं ठळक उदाहरण. फुलोऱ्यानंतर मेलेल्या कारवीच्या काड्या उभ्याच्या उभ्या वाळतात आणि पेटल्या की तडतडत डोक्याच्या वर जातात. बांबूच्या बेटापाशीही ब्लोअर निरुपयोगी. पेरं फुटून निखारे लांब उडतात. घाणेरीच्या जाळीत तसंच. आणि नवी मुंबईत खाडीकाठी, कांदळवनाच्या कडेला पेटलेल्या कचऱ्यावर ब्लोअर मुळीच चालवू नका. प्लॅस्टिकचा जळता तुकडा हवेत उडवणं आणि तो धूर स्वतःच्या तोंडावर घेणं, एवढंच त्यातून होतं. ते काम अग्निशमन दलाचं, १०१ लावा.

यंत्र बंद पडण्याची कारणं ठरावीक असतात, ती ओळखता आली पाहिजेत. पाच-दहा मिनिटं छान चालून धाप लागल्यासारखं मरतं, थोडं थांबलं की पुन्हा चालू होतं आणि पुन्हा मरतं? पेट्रोलच्या टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक राखेने बुजलंय. यंत्र बंद करून थंड झालं की झाकण हळूच सैल करा. "फुस्स" आवाज आला तर खात्रीच. भोक साफ करा, काम झालं. यंत्र चालू आहे पण जोर नाही? आधी पाठीमागची हवा ओढायची जाळी बघा. सागाचं एक मोठं पान तिथे चिकटलं तरी जोर जातो. मग एअर फिल्टर. वणव्यातली राख मैद्यासारखी बारीक असते, दर टाकीला फिल्टर काढून झटका, कामावरून परत आलं की धुवा. तरीही जोर नसेल तर सायलेन्सरच्या तोंडाची ठिणगी अडवणारी जाळी काजळीने भरलीय, तारेच्या ब्रशने घासा. ती जाळी काढून टाकायचा सल्ला काही मेकॅनिक देतात. ऐकू नका. वाळल्या गवतात ठिणग्या टाकणारं यंत्र घेऊन वणवा विझवायला जाण्यात अर्थ नाही. तशीच काळजी तापलेल्या सायलेन्सरची: ब्लोअर पाठीवरून उतरवून गवतात ठेवला की खालचं गवत पेटतं. कातळावर किंवा काळ्या, थंड जमिनीवरच ठेवायचा.

दोन दोष मात्र यंत्राचेच आहेत, आणि पाचपैकी एक गुण यासाठी आम्ही कापतो. नळीला घडीचा रबरी जोड असतो, त्याच्यावर ठिणगी पडली की बारीक भोक पडतं आणि हवा तिथूनच निघून जाते. एक जादा जोड आणि दोन क्लिपा पिशवीत असू द्या. दुसरा दोष पट्ट्यांचा. ते नायलॉनचे असतात, निखाऱ्याने वितळतात, आणि बऱ्याच यंत्रांत झटक्यात सुटायची सोयच नसते. हे यंत्र बागेसाठी बनलंय, वणव्यासाठी नाही, याची ही खूण. छातीवरचं बकल काढून टाका, म्हणजे दोन खांदे झटकले की यंत्र खाली पडेल. यंत्र पाठीवर घेऊन तीन सेकंदांत टाकून द्यायचा सराव मैदानावर दहा वेळा करा, आणि प्रत्येक नव्या माणसाकडून करून घ्या.

हे इतक्या आग्रहाने सांगायचं कारण आहे. अमेरिकेत मोंटानातल्या मॅन गल्चच्या वणव्यात १९४९ मध्ये १३ जण गेले, कोलोरॅडोतल्या साउथ कॅन्यनमध्ये १९९४ साली १४. दोन्ही ठिकाणी चढावरच्या आगीने माणसांना गाठलं. आगीपुढून पळतानाही माणूस हातातलं अवजार, पाठीवरचं ओझं सोडायला तयार होत नाही, हा धडा तिथल्या अभ्यासांतून पुढे आला. मॅन गल्चमध्ये तुकडीचा प्रमुख वाचला, कारण त्याने पुढचं गवत स्वतःच पेटवलं आणि जळून गेलेल्या जागेत तो पालथा पडून राहिला. आपल्याकडे एप्रिल २०२१ मध्ये गोंदियाच्या नागझिऱ्यात वणवा विझवताना तीन वनमजूर गेले. ब्लोअर महाग आहे, कर्ज काढून किंवा वर्गणी काढून घेतलाय, म्हणून तो पाठीवरून उतरवायचा नाही असं कुणाच्याही मनात येऊ नये. वणव्याच्या कामातली सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे आधीच जळून थंड झालेली जागा. तिकडे जा, चढाने वर पळू नका.

पेट्रोलचं मिश्रण हा पुढचा भाग. ५०:१ चं यंत्र, म्हणजे पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल लागणारं, असेल तर एक लिटर पेट्रोलला २० मिली टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनचं) तेल, पाच लिटरला १००. चिनी, बिगरनावाच्या यंत्रांच्या माहितीपत्रकात बऱ्याचदा २५:१ लिहिलेलं असतं, मग लिटरला ४० मिली. झाकणाने अंदाजे ओतू नका. तेल कमी पडलं तर पिस्टन घासून अडकतो, जास्त झालं तर धूर होतो आणि ठिणगीची जाळी बुजते. मेडिकलच्या दुकानातली मोठी सिरिंज घ्या. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं आणि कार्ब्युरेटरमधला पातळ पडदा कडक करतं. म्हणून मिश्रण लागेल तेवढंच, ताजं बनवायचं, महिनाभर ठेवायचं नाही. पूर्ण जोरात ६५ सीसीचं यंत्र तासाला दीड ते दोन लिटर पितं. म्हणजे १.४ लिटरची टाकी पाऊण तास. दोन तासांच्या कामाला चार लिटर धरा. नेताना पत्र्याचा किंवा इंधनासाठीच बनवलेला कॅन, पाण्याच्या बाटल्या अजिबात नाहीत. तहानलेला माणूस अंधारात चुकीची बाटली तोंडाला लावतो. टाकी भरताना यंत्र बंद, दहा मिनिटं थंड होऊ द्यायचं, जागा उघडी आणि आगीपासून लांब, आणि भरलेल्या जागेपासून तीन-चार मीटर दूर जाऊन मग दोरी ओढायची. सांडलं तर कपडे बदला. पेट्रोलने भिजलेली विजार घालून वणव्यापाशी जाऊ नका.

कपड्यांचं म्हणाल तर महागडे आगरोधक पोशाख सगळ्यांना परवडणारे नाहीत, आणि त्यांच्याशिवायही काम होतं. जाड सुती खाकी किंवा डेनिम, पूर्ण बाह्या, पूर्ण विजार, मोजेही सुती. टी-शर्ट पॉलिएस्टरचा नको, आतले कपडेही पॉलिएस्टरचे नकोत. वितळून कातडीला चिकटतात. वेल्डिंगचे चामडी हातमोजे चालतात. डोळ्यांना बंद चष्मा, डोक्यावर हेल्मेट. बुटांसाठी मात्र पैसे काढा. बाजारातल्या स्वस्त सेफ्टी शूजचा तळ पीयूचा (पॉलियुरेथेनचा) असतो. काळ्या पट्ट्यातून तासभर चाललं की तो मऊ पडतो, कधी पूर्ण निघून येतो. गमबूट तर वितळतातच. नायट्रिल रबराचा तळ घ्या आणि बुटावर एचआरओ हा शिक्का आहे का बघा. त्याचा अर्थ तळ ३०० अंश सेल्सिअसचा स्पर्श एक मिनिट सोसतो.

मास्क एन-९५ घाला, राख आणि धुराचे कण अडतात. पण कार्बन मोनॉक्साइड त्यातून सरळ जातो. डोकं जड होणं, मळमळणं, बोलताना शब्द अडखळणं दिसलं की त्या माणसाला धुराबाहेर काढा, तो नको म्हणाला तरी. पाणी तासाला अर्धा ते एक लिटर, त्यात एखादं ओआरएसचं पाकीट. धुराने आग्या मोहोळ उठतं, म्हणून कड्याखाली आणि उंच झाडांखाली आधी वर बघा. पोकळ झाडं आतून जळत राहतात आणि कुठल्याही आवाजाशिवाय पडतात. बुंध्यातून धूर येणाऱ्या झाडाच्या उंचीच्या दीडपट अंतर सोडा. रात्री उतारावरून जळते ओंडके गडगडत येतात. एकाखाली एक, अशा रांगेत उतारावर काम करू नका.

बीटरबद्दल थोडक्यात, कारण तो घरीच होतो. ट्रकच्या मडफ्लॅपचा किंवा जुन्या कन्व्हेयर बेल्टचा साधारण ३० बाय ४० सेंटिमीटरचा तुकडा, दीड-पावणेदोन मीटरच्या बांबूला दोन पत्र्याच्या पट्ट्यांत बोल्टने आवळलेला. खिळे नकोत, सुटतात. वर उचलून धपाधप आपटलं की निखारे उडतात. ज्वाळेवर दाबायचा आणि काळ्या बाजूला ओढायचा. फवारणीचा १६ लिटरचा पाठीवरचा पंपही चालतो, पण त्यात आधी तणनाशक भरलेलं नसावं. पाण्यात ३०-४० मिली भांडी घासायचं द्रव टाकलं की पाणी शेणात, सालीत मुरतं, नुसतं घरंगळत नाही.

ब्लोअरचा खरा, बिनधोक आणि सगळ्यात मोठा उपयोग वणवा लागायच्या आधीचा आहे. वनविभागाचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत-पाला काढून उघडे केलेले पट्टे, त्याआधी तयार व्हायला हव्यात. डिसेंबर-जानेवारीत गवत कापून बाजूला काढलं, की पुढे सागाची, पळसाची पानं पडत राहतात आणि रेषा पंधरा दिवसांत पुन्हा झाकली जाते. दाताळ्याने ओढणाऱ्या माणसाची कंबर मोडते. ब्लोअरने दोघं चालत-चालत एका टाकीत अर्धा-पाऊण किलोमीटर रेषा माती दिसेपर्यंत साफ करतात. हे काम सकाळी, थंड वेळी, आग नसताना होतं. लावलेल्या रोपांभोवती दीड मीटरचं कडं असंच उघडं करता येतं. ज्या गटाने फक्त एवढ्यासाठी ब्लोअर घेतला, त्याचे पैसे वसूल झाले असं आम्ही म्हणू. पाड्यांवरच्या मंडळींना सोबत घ्या. राब (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पसरून भाजायची जमीन) भाजायचा दिवस त्यांच्याशी बोलून ठरवला आणि त्या दिवशी ब्लोअर व पंप घेऊन बांधावर उभे राहिलात, तर राबाची आग रानात शिरण्याचा प्रश्नच मिटतो. राब ही त्यांची पेरणीची तयारी आहे, गुन्हा नव्हे.

येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथे वनरक्षकाला न कळवता, परवानगीशिवाय यंत्र घेऊन शिरू नका. इतर डोंगरांवरही जमीन कुठे वनविभागाची, कुठे सिडकोची. वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आधी लावा, ठिकाण सांगताना जवळचा पाडा, मंदिर किंवा टॉवर सांगा. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडे नोंदणी केली तर उपग्रहावरून आगीचा इशारा मोबाइलवर येतो, पण उपग्रह डोक्यावरून जातो साधारण दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास. सकाळी दहाला लागलेली आग त्याच्या आधी गच्चीतल्या माणसालाच दिसते.

ज्वाळा गेल्या म्हणजे काम संपलं नाही. कडेपासून पाच-दहा मीटर आतपर्यंत काळा पट्टा तपासायचा: हातमोजा काढून, उलटा हात जमिनीपासून थोडा वर धरून सरकवायचा. ऊब लागली तिथे खणा, पाणी घाला, ढवळा, पुन्हा हात धरा. इथे ब्लोअर बंदच राहू द्या. शेण आणि कुजकं खोड रात्रभर धुमसतं आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या वाऱ्याने पुन्हा उठतं. कंटाळवाणं काम आहे, सगळे थकलेले असतात, आणि याच कामामुळे सकाळी डोंगरावर काळ्या-पिवळ्याची सरळ रेषा दिसते. त्या रेषेच्या पिवळ्या बाजूला मार्च ते मे महिन्यांत रातवा आणि टिटवी हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. पालापाचोळ्यात बसलेला रातवा दोन हातांवरूनही दिसत नाही. तो उडाला की तिथे दोन अंडी असतात. त्या बाजूने पाय जपून टाका.

किमतीचं: नामांकित कंपनीच्या यंत्राच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शात चिनी यंत्र मिळतं. रेषा साफ करण्यापुरतं ते चालेल. वणव्यापाशी न्यायचं असेल तर ज्या कंपनीचे सुटे भाग ठाणे, भिवंडी किंवा पनवेलच्या शेती-अवजारांच्या दुकानांत हातात मिळतात तीच घ्या. घेण्याआधी दुकानात तीन वस्तू मागा: एअर फिल्टर, दोरीचा स्टार्टर, रबरी जोड. "मागवून देतो" म्हणाले तर दुसरं दुकान बघा. पाचपैकी चार गुण, एक पट्ट्यांसाठी आणि रबरी जोडासाठी कापलेला.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला की टाकी पूर्ण रिकामी करा, यंत्र चालू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होईल. प्लग काढून आत चमचाभर टू-टी तेल सोडा, दोरी दोनदा हळू ओढा, प्लग बसवा. पट्टे धुऊन वाळवा, उंदरांपासून लांब टांगून ठेवा. आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, हंगामाच्या दोन महिने आधी, नवं मिश्रण घालून एकदा चालवून बघा.